दोन तोंडं पाहिलेला खडा

मी एक जुना, चघळून थुंकलेला खडा आहे. दगडाचा नव्हे, झाडाच्या चिकाचा. रंगाने काळा, आकाराने करंगळीच्या पेराहून लहान, आणि दिसायला असा की वाटेत पडलो असतो तर तुम्ही मला बुटाच्या टोकाने बाजूला केले असते. त्यात तुमची चूक नाही, मित्रांनो. ज्या विद्वान माणसाने मला मातीतून वर काढले, त्यानेसुद्धा मला आधी टाकाऊ दगडांच्या ढिगावरच भिरकावले होते. त्याची आणि त्याच्या लेकीची हकीकत मला सांगायची आहे. पण माझा जन्म सांगितल्याशिवाय ती तुमच्या नीट लक्षात यायची नाही.

डोंगराच्या उतारावर एक झाड होते. माणसांनी त्याची साल सोलली, मातीखाली दाबली आणि वर विस्तव ठेवला. ज्वाळ लागू न देता साल धुमसत ठेवली की तिच्यातून काळा चीक गळतो. तो चीक म्हणजे मी. गरम असेपर्यंत मी मऊ असतो, गार झालो की टणक होतो. चिकटवणे हे माझे काम. लाकडाच्या दांड्याला खाच पाडायची, तिच्यात दगडाचे धारदार पाते बसवायचे आणि उरलेल्या फटीत मला भरायचे. मग शिकारीच्या वेळी पाते निसटत नसे. अशा एका पात्यावर घरादाराचे पोट चालायचे, त्यामुळे मला त्या माणसांत चांगला मान होता.

गार झालेल्या मला पुन्हा मऊ करायचे तर सोपा उपाय एकच, तोंडात घालायचे. मला एका बाईने तोंडात घातले. ती दिसायला कशी होती ते मी सांगू शकत नाही, कारण तोंडाच्या आतून माणसाचा चेहरा दिसत नाही. तिचे दात मात्र मी अगदी जवळून पाहिले. डावीकडची एक दाढ किडलेली होती, म्हणून ती मला उजव्या बाजूने चघळायची. चघळता चघळता तिचे बोलणे चालू होते. समोर लहान मूल असावे, कारण ती मधेच रागे भरायची आणि मधेच हसायची, आणि ती हसली की मी घशाकडे घसरायचो. मग जिभेने मला पुन्हा जागेवर आणायची. तिचा शब्द न् शब्द माझ्या अंगाला घासून बाहेर जात होता.

तिच्या दातांच्या खुणा माझ्या अंगावर राहिल्या. तिची लाळ माझ्या पोटात मुरली. तिने खाल्लेल्या माशाचा अंशसुद्धा राहिला. शब्द मात्र एकही राहिला नाही. आवाजाची खूण माझ्यावर उमटली नाही, याचे मला आजही फार वाईट वाटते.

माझा मोठा भाग तोडून तिने पात्याला लावला आणि उरलेल्या मला थुंकून टाकले. काही काळाने ती माणसे निघून गेली. सामान थोडे, मुले कडेवर, आणि म्हातारी माणसे सगळ्यांत मागे. कुठे गेली ते मला कळले नाही. मग माझ्यावर राख पडली, राखेवर माती, मातीवर आमच्या कपारीच्या छताचे सुटलेले दगड. पावसाचे पाणी झिरपत खाली यायचे, पण चिकाच्या आत पाणी शिरत नाही. आजूबाजूची हाडे कुजून गेली, लाकडे गेली, कातडी गेली. त्या बाईची लाळ माझ्या पोटात तशीच होती. याला राखण म्हणायचे असेल तर मी राखण केली. खरे सांगायचे तर दुसरे काही करणे माझ्या हातात नव्हते.

मग एके दिवशी माझ्या अंगावर मऊ ब्रश फिरला आणि उजेड पडला.

तो ब्रश एका उत्खनन करणाऱ्या प्राध्यापकांच्या हातात होता. विद्यार्थी त्यांना सर म्हणत, म्हणून मीही सरच म्हणतो. केस पिकलेले, गुडघे दुखरे, पण खड्ड्यात उतरले की जेवणाची शुद्ध राहत नसे. त्या डोंगरातल्या कपारीत त्यांनी उभी हयात घातली होती. त्यांना एकच गोष्ट शोधायची होती. या डोंगरात राहिलेली पहिली माणसे आली कुठून? उत्तरेच्या सपाट माळावरून, की नदीच्या काठाकाठाने समुद्राकडून?

सरांचे उत्तर ठरलेले होते, माळावरून. कपारीत सापडलेली पाती ज्या दगडाची होती, तो दगड डोंगरात मिळत नव्हता, माळावर मिळत होता. सरांनी यावर लेख लिहिले, व्याख्याने दिली, विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकवल्या. त्यांचे स्वतःचे घराणेही माळावरचेच, पण त्याचा याच्याशी संबंध नाही, असे ते न विचारताच सांगत.

आता उत्खनन करणाऱ्या जुन्या मंडळींची एक सवय तुम्हाला सांगायला हवी. मातीने माखलेला लहान तुकडा हाड आहे की दगड, हे डोळ्यांना कळत नाही. मग ते काय करतात? तुकडा जिभेला लावतात. हाडाला बारीक छिद्रे असतात, ती ओल ओढून घेतात, त्यामुळे हाड जिभेला चिकटते. दगड चिकटत नाही. सरांच्या गुरूंनी त्यांना हेच शिकवले होते. पुढे जुन्या अवशेषांतून जनुके शोधण्याचे तंत्र आले, तेव्हा सरांनी विद्यार्थ्यांना सक्त ताकीद दिली की सापडलेली वस्तू कोणी तोंडाजवळ न्यायची नाही. ताकीद सगळ्यांनी पाळली. पण ज्या हाताला चाळीस वर्षांची सवय आहे, त्या हाताला ताकीद कोण देणार?

सरांनी मला उचलले, फुंकर मारली आणि दुसऱ्याच कोणाशी बोलता बोलता जिभेवर ठेवले. ते माझे दुसरे तोंड. त्याला चहाचा वास होता. मी जिभेला चिकटलो नाही.

"दगड," सर म्हणाले, आणि मी ढिगावर जाऊन पडलो.

दोन दिवसांनी ढिगातले तुकडे टेबलावर पसरून ते भिंगाखाली पाहत होते. माझी पाळी आली. त्यांनी मला चिमट्याने फिरवले आणि एकदम खुर्चीतून उठले.

"अरे, हे दात आहेत! कोणीतरी चघळलंय हे!"

मग माझी काय बडदास्त! हातमोजे आले, नवी डबी आली, डबीत मऊ कागद आला. सर कितीतरी वेळ भिंगावरून डोळा काढेनात. इतक्या वर्षांत त्यांना दगड मिळाले होते, राख मिळाली होती, पण माणूस मिळाला नव्हता. ते सारखे डोळे पुसत होते. मला जिभेवर ठेवल्याची मात्र त्यांना पुसटशीही आठवण नव्हती. मला सारे ठाऊक होते, पण सांगणार कसा?

सरांचे एक जुने मित्र होते, भाषांचा अभ्यास करणारे. त्यांना सगळे भाषाकाका म्हणत. ते मला पाहायला आले, आणि पाच मिनिटांत दोघांचा नेहमीचा वाद जुंपला. काकांचे म्हणणे होते की माणसे समुद्राकडून आली.

"अरे, डोंगरातल्या वस्त्यांवर ताप उतरला की बायका जो शब्द वापरतात ना," काका म्हणाले, "तोच शब्द किनाऱ्यावर ओहोटीला आहे. ज्यांनी समुद्र बघितला नाही, त्यांच्या तोंडात ओहोटी आली कुठून?"

"शब्द काय, पाहुण्याबरोबर येतो, बाजारातून येतो. दगड माणसाला उचलून आणावा लागतो."

"दगड बाजारातून येत नाही वाटतं?"

"तू चहा घे."

असे त्यांचे तीस वर्षे चालले होते. पण त्या दिवशी जाताना काका डबीकडे पाहून म्हणाले, "आता ही बाई काय सांगते ते ऐकू." खडा चघळणारी बाईच होती हे त्यांनी कशावरून ठरवले, कोण जाणे. पण बरोबर ठरवले.

मला जिथे पाठवले, त्या प्रयोगशाळेत सरांची लेक काम करत होती. तिने हा अभ्यास निवडला तोच मुळी बाबांच्या कपारीमुळे. लहानपणी ती त्या खड्ड्यांच्या कडेला बसून अभ्यास करायची, आणि मोठी झाल्यावर तिने ठरवले की जे बाबांना दगडांत सापडत नाही, ते आपण धाग्यांत शोधायचे. धागे म्हणजे जनुकांचे. आपल्या शरीराच्या कणाकणात तो अतिशय बारीक धागा असतो. त्यात अर्धा वाटा आईचा असतो आणि अर्धा बापाचा. त्यांना तो त्यांच्या आईबापांकडून मिळालेला. असे मागे मागे जात राहिले की कोणाची माणसे कोणत्या वाटेने आली, याचा माग लागतो. माणूस मेला, गाव उठले, भाषा बदलली, तरी हा माग थोडाफार उरतो.

प्रयोगशाळेला दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत कपडे बदलायचे, आतल्या खोलीत नखशिखान्त झाकून जायचे. आत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या लाळेचा नमुना आधीच घेऊन ठेवलेला असे. जुन्या वस्तूत काही सापडले तर ते आपल्यापैकीच कोणाचे नाही ना, हे त्यावरून ताडून बघत. लेकीने मला हातात घेतले. दातांचा सगळ्यांत खोल खड्डा निवडून तिने तिथून माझा कण काढला. मित्रांनो, सरांच्या जिभेची ओल नेमकी त्याच खड्ड्यात साचून वाळली होती.

पहिला, कच्चा निकाल आला. हे माणूस माळावरच्या लोकांच्या फार जवळचे आहे, असा. लेकीला राहवले नाही. बाहेरच्या खोलीत येऊन तिने फोन लावला.

"बाबा, अजून पक्कं नाहीये. पण माळ दिसतोय. कोणाला सांगू नका हं, अजिबात."

पण सरांच्या पोटात तो आनंद मावला नाही. दुसऱ्याच दिवशी भरल्या सभागृहात त्यांनी सांगून टाकले. आठवड्याभरात ते छापून आले, फोटोसकट. लेकीने डोक्याला हात लावला, पण बाबांवर रागावणे तिला जमले नाही. एवढा आनंद तिने त्यांना कितीतरी वर्षांत झालेला पाहिला नव्हता.

मग पक्की तपासणी सुरू झाली आणि पाणी कुठे मुरते आहे ते दिसू लागले. हजारो वर्षांपूर्वीचे धागे तुटके असतात, टोकांशी विरलेले असतात. माझ्यातले बहुतेक धागे लांब, ताजे, धडधाकट होते. म्हणजे ते आजच्या माणसाचे होते. कोणाचे ते पाहण्यासाठी कर्मचाऱ्यांच्या नमुन्यांशी ताडून बघितले, तर जुळले ते एकीशीच. सरांच्या लेकीशी.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. त्यांनी लेकीला बाहेरच्या खोलीत बसवून सांगितले.

"तुझ्याशी जुळतंय."

"मॅडम, मी मास्क काढला नव्हता. एकदाही नाही."

"मीही मानलं असतं गं. पण बातमी बाहेर गेली आहे, आणि बाहेर गेली तुमच्याच घरातून. आता लोकांना उत्तर द्यायचं तर मला कोणाचं तरी नाव घ्यावं लागेल."

लेकीला आतल्या खोलीत जायची बंदी झाली. या कामात हाताच्या स्वच्छतेवर माणसाचे नाव चालते. एकदा का तिच्या हातून नमुना बिघडला असे चार ठिकाणी झाले, की पुढे तिच्या हातात कोणी हाडाचा कण देणार नव्हते. बारा वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती, आणि तीही न केलेल्या चुकीपायी.

माझी डबी बाहेरच्या खोलीत टेबलावर होती. लेक तिथेच संगणकापुढे बसून निकालाचे आकडे पुन्हा पुन्हा चाळत होती. रडून झाले होते, आता ती फक्त बघत होती. एकदम तिचा हात थांबला. धागे तिच्याशी जुळत होते खरे, पण अर्धेच. तिचे स्वतःचे असते तर पूर्ण जुळले असते. घाईघाईत जुळते एवढेच पाहिले गेले, किती जुळते ते कोणी पाहिले नव्हते. शिवाय धागे पुरुषाचे होते. अर्धे जुळणारे माणूस म्हणजे जवळचे रक्ताचे. तिला मूल नव्हते, भाऊ नव्हता.

"बाबा," ती माझ्याकडे पाहत हळूच म्हणाली, "तुम्ही?"

मला वाटले, आता ती धावत आत जाईल आणि सांगून टाकेल. ती सुटली असती. पण ती उठली नाही. तिने संगणकाचा पडदा बंद केला आणि हाताची घडी घालून बसून राहिली. बाबांचे नाव घ्यायचे, तर ज्या माणसाने देशोदेशीच्या विद्यार्थ्यांना वस्तू कशी हाताळायची ते शिकवले, त्याची शोभा होणार होती. आणि माळाचा निकाल म्हणजे बाबांचीच थुंकी होती हे कळल्यावर त्यांच्या हयातीचे काय उरणार होते? मला तिचा फार राग आला आणि तितकीच माया वाटली.

सरांना कुठून तरी कळलेच. ते भाषाकाकांना घेऊन तावातावाने प्रयोगशाळेत आले.

"माझ्या मुलीवर आळ घेता?" ते प्रमुख बाईंना म्हणाले. "हलगर्जीपणा तिच्या रक्तात नाही."

"मग कोणाच्या रक्तात आहे, सर? तेच शोधतोय आम्ही," बाई शांतपणे म्हणाल्या.

सर लेकीकडे वळले. "तू बोलत का नाहीस? गप्प राहिलीस तर लोकांना खरंच वाटेल."

"आपण घरी बोलू, बाबा."

"घरी कशाला? इथेच बोल."

तेवढ्यात बाईंना फोन आला आणि त्या पाठ करून खिडकीशी बोलू लागल्या. लेकीने बाबांकडे पाहिले. मग अगदी हलक्या आवाजात विचारले, "खडा मिळाला तेव्हा काय काय केलंत तुम्ही?"

"काय म्हणजे? नेहमीचंच. ब्रश फिरवला, उचलला, फुंकर मारली. मग हाड की दगड ते बघायला..."

बोलता बोलता सरांचा उजवा हात वर उठला. अंगठा आणि तर्जनी यांच्यात काही धरल्यासारखा तो तोंडाकडे गेला, आणि ओठांजवळ पोचता पोचता थांबला.

सर आपल्याच हाताकडे पाहत होते. भाषाकाकांनी पाहिले आणि मान दुसरीकडे फिरवली. लेकीने पाहिले आणि डोळे मिटले. बाईंची पाठ होती, त्यांनी काहीच पाहिले नव्हते. हात खाली घेऊन खिशात घातला असता, तर झाले असते. काका बोलले नसते. लेक तर मुळीच बोलली नसती. सरांनाही ते कळत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि त्या थोड्या वेळात ते मला फार म्हातारे दिसले.

बाईंचा फोन संपला.

"बाई," सर म्हणाले, "कोणाचं नाव लिहायचं ते मिळालं. माझं लिहा. मी जिभेला लावला होता तो खडा."

"बाबा, नको ना," लेक म्हणाली.

"का नको? माझी थुंकी तुझ्या नावावर कशाला?"

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी लेकीकडे पाहिले, पडद्यावरचे आकडे उघडायला लावले, आणि ते वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला. "अर्धं जुळतंय," त्या म्हणाल्या. "हे मी आधी बघायला हवं होतं." मग उठून त्यांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि आतल्या खोलीची किल्ली तिच्या हातात दिली.

"आणि माळाचं?" काकांनी भीत भीत विचारले.

"माळ माझ्या तोंडातला होता रे," सर म्हणाले. हसायला गेले, पण त्यांना हसता आले नाही.

मग एक काम उरले. माझ्यातून सरांचे धागे वेगळे काढायचे, तर सरांचे धागे कोणते हे नेमके माहीत हवे. म्हणजे त्यांची लाळ पुन्हा हवी, या वेळी रीतसर. लेकीने हातमोजे चढवले, कापसाची बारीक काडी घेतली आणि बाबांच्या समोर उभी राहिली.

"आ करा."

सरांनी तोंड उघडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तोंड उघडे असल्यामुळे त्यांना काही बोलता येत नव्हते. लेकीने गालाच्या आतून काडी फिरवली, नळीत घातली, झाकण लावले. मग बाहीने त्यांचे डोळे पुसले.

या खेपेला तिने माझा कण वरून घेतला नाही. तिच्या लक्षात आले की चघळताना मला दुमडले होते, आणि दुमडलेल्या जागी आतला भाग कोणालाच लागलेला नाही. तिथे सरांची जीभ पोचली नव्हती. तिथे फक्त ती बाई होती. तुटकी, विरलेली, जशी असायला हवी तशी. उरलासुरला सरांचा अंश लेकीने वजा केला.

निकाल सांगायला सर त्याच सभागृहात उभे राहिले. मलाही डबीत घालून नेले होते. लेक म्हणाली होती की तुम्ही नका सांगू, मॅडम सांगतील. पण ते ऐकायला तयार नव्हते. त्यांनी आधी आपली चूक सांगितली. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसले, ते त्यांनी ऐकून घेतले. मग त्यांनी वाचून दाखवले की खडा चघळणारी एक बाई होती. तिच्या आईच्या बाजूची ओळ, म्हणजे फक्त आईकडून लेकरांना मिळत जाणारा धागा, आज किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांत आढळते, आणि डोंगरातल्या वस्त्यांतही आढळते. माळावर ती जवळजवळ नाही. तिची माणसे नदीच्या वाटेने वर आली असावीत. पात्यांचा दगड माळावरून आला, बहुधा देवाणघेवाणीत, हातोहात. "दगड आले होते," सर म्हणाले. "मी समजलो, माणसं आली."

भाषाकाकांना लोकांनी बोलायला लावले. सगळ्यांना वाटले, आता ते तीस वर्षांचे उट्टे काढणार. पण काका म्हणाले, "एका बाईवरून सगळ्यांची वाट ठरत नाही. आणि रक्त एक असलं म्हणून बोली एक असते असंही नाही. ही कोणती भाषा बोलायची, ते मला आजही सांगता येणार नाही." मित्रांनो, ते मला माहीत होते. माझ्या शेजारीच तिचे शब्द तयार झाले होते. मी डबीत गप्प पडून होतो.

सभागृह रिकामे झाल्यावर सर आणि लेक पहिल्या रांगेत बसून राहिले. डबी लेकीच्या मांडीवर होती.

"तुझी आई किनाऱ्यावरची," सर म्हणाले. ती जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. "मी तिला जन्मभर चिडवलं, की तुमची माणसं काल आलेली, पाहुणी. ती म्हणायची, मग पाहुणीच्या हातचं रोज जेवता कशाला?"

लेक हसली. "बाबा, ही आईची ओळ माझ्यातही आहे. मी बघितलं."

सर तिच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे ही बाई तुझ्या आईची कोण?"

"अर्ध्या किनाऱ्याची आहे ती. एकट्या आईची नाही."

"तरी पण," सर म्हणाले. "तिला सांगायला हवं होतं गं. तुझी माणसं आधी आली होती, एवढं तरी." आणि मग तो एवढा मोठा माणूस तोंडावर हात ठेवून रडला. लेकीने त्यांना रडू दिले.

मित्रांनो, आता मी एका थंड कपाटात असतो. माझ्यात थोडेच उरले आहे, आणि ते लेकीने मुद्दाम न वापरता ठेवले आहे. आज तुम्हाला सुचत नाही असा प्रश्न पुढे कोणी तरी विचारील, त्याच्यासाठी. तुमच्यापैकी कोणाला मातीत काही जुने सापडले, तर उचलण्याची घाई करू नका. जिथे आहे तिथे राहू द्या, जाणत्या माणसाला बोलवा. तुमच्या हाताचा, श्वासाचा, तोंडाचा अंश त्याला लागला की आतले माणूस झाकले जाते. आणि तरीही हातून चूक झालीच, कारण सवयीचा हात कोणाचाही उठतो, तर ती सांगा. लपवलेली चूक कुठे पडली आहे हे कोणालाच कळत नाही, म्हणून ती काढून टाकता येत नाही. सांगितलेली चूक वजा करता येते. सरांची थुंकी माझ्यातून तशीच वजा झाली, आणि तिच्याखाली ती बाई होती.